जाहिरात वाचतो कोण? – जॉर्ज गॅलप

ओपिनियन पोल म्हटलं की जॉर्ज गॅलपचं नाव येतंच. पण निवडणुकांच्या आधी हा माणूस मासिकांतल्या जाहिराती मोजत होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, जेफर्सन या लहानशा गावी १९०१ साली त्याचा जन्म झाला. कॉलेजात असताना सुट्टीत त्याला एक काम मिळालं. सेंट लुईस शहरात घरोघर फिरायचं आणि पेपरात काय वाचता ते विचारायचं. लोक भारदस्त उत्तरं देत. (आपल्याकडे तरी कोण कबूल करतो की तो अग्रलेख सोडून आधी सिनेमाचं पान उघडतो?) गॅलपला संशय आला. पुढे त्याने साधी युक्ती काढली. अख्खा अंक वाचकासमोर ठेवायचा, एकेक पान उलटायचं आणि यातलं काय काय वाचलंत एवढंच विचारायचं. झालं! अग्रलेख मागे पडले, चित्रं आणि कॉमिक्स पुढे आली. याच पद्धतीवर त्याने १९२८ साली पीएच.डी. मिळवली.

मग हीच फूटपट्टी त्याने मासिकांतल्या जाहिरातींना लावली. कंपन्या सगळ्यात जास्त जाहिराती करत होत्या त्या माल किती स्वस्त आणि किती कामाचा हे सांगणाऱ्या. वाचक थांबत होते ते मात्र दर्जा, नटणंमुरडणं आणि स्त्री-पुरुष आकर्षण असलेल्या जाहिरातींपाशी. म्हणजे पैसा एकीकडे आणि डोळे दुसरीकडे! हे आकडे पाहून यंग अँड रुबिकम या जाहिरात कंपनीने १९३२ साली त्याला न्यूयॉर्कला बोलावून घेतलं.

पुढची कहाणी प्रसिद्ध आहे. १९३६ च्या निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या बड्या मासिकाकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या होत्या, तरी त्यांचा अंदाज साफ चुकला. गॅलपने थोड्याच पण नीट निवडलेल्या लोकांना विचारून रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं. १९४८ साली मात्र ट्रुमन हरणार असं सांगून तो स्वतःच तोंडावर आपटला.

पण जाहिराती त्याने सोडल्या नाहीत. त्याच १९४८ मध्ये क्लॉड रॉबिन्सनबरोबर त्याने नवी कंपनी काढली. जाहिरात पाहिली असं म्हणायला काय जातं, लक्षात किती राहिली ते बघा, हा तिथला हिशेब. वाचकाने अंक वाचला की नंतर तो बंदच ठेवायचा, फक्त मालाची नावं दाखवायची आणि जाहिरातीत काय होतं ते सांगायला लावायचं. ओपन बुक परीक्षा देणाऱ्याला अचानक व्हायव्हाला उभं करावं, तसंच हे. पाहिली म्हणणारे पुष्कळ, सांगू शकणारे थोडे. माझ्या मते त्याचं खरं काम हेच, निवडणुका नंतर.

१९८४ साली स्वित्झर्लंडमध्ये तो वारला.