पेट्यांतून आलेली मोटार

आमच्या बाहा टीमच्या गाडीचा सीव्हीटी (म्हणजे पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स) परदेशातून निघाला, विमानाने चार दिवसांत मुंबईत आला आणि तिथेच बसला. इन्व्हॉइसवर वस्तूचं वर्णन नीट लिहिलेलं नव्हतं. तो मोटारीचा सुटा भाग, मशिनरी की खेळाचं साहित्य, हे ठरेपर्यंत एकोणीस दिवस गेले. रोज रात्री मेसमधून आल्यावर ट्रॅकिंग नंबर टाकायचा आणि तीच ओळ वाचायची, एवढंच काम आम्हाला उरलं होतं. हिंगोलीला घरी फोन केला तेव्हा आजोबांना सांगितलं की पार्ट कस्टम्समध्ये अडकलाय. ते म्हणाले की म्हणजे करोडगिरीत अडकला म्हण की! मी कॉन्व्हेंटचा, मला हा शब्दच नवीन. निजामाच्या राज्यात सीमेवर जकात घेणाऱ्या खात्याला करोडगिरी म्हणत. पैनगंगेच्या अलीकडे आमची हिंगोली निजामाची आणि पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. मधे नाका. १९४७-४८ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी मराठवाड्याच्या सीमेवरचे हे करोडगिरी नाके ठिकठिकाणी उद्ध्वस्त केले.

त्या एकोणीस दिवसांत हाताशी काम नव्हतं म्हणून लायब्ररीत बसून मी एका माणसाविषयी वाचलं. आपल्यापैकी बहुतेकांना वालचंद हे नाव माहीत आहे ते सांगलीच्या कॉलेजमुळे. कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये आपण सगळ्यांनीच ते भरलेलं असतं. पण ते वालचंद कोण, हे मला तरी ठाऊक नव्हतं.

वालचंद हिराचंद दोशी. जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. घराणं गुजराती जैन, पण पिढ्यान्‌पिढ्या सोलापूर भागात राहिलेलं. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. वालचंद लहान असतानाच आई गेली. कॉलेजचं शिक्षण अर्धवट सुटलं आणि ते घरच्या पेढीवर बसले. पेढीवर त्यांचं मन काही रमलं नाही.

त्यांना पहिलं काम मिळालं ते मात्र आपल्या मराठवाड्यात. लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेतले माजी कारकून होते. त्यांना कामाची माहिती होती, पैसा नव्हता. वालचंदांकडे पैसा होता, माहिती नव्हती. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या छोट्या तुकड्याचं काम घेतलं. ही गोष्ट १९०३ च्या सुमाराची. आज ही दोन्ही गावं धाराशिव जिल्ह्यात आहेत, तेव्हा तीही निजामाचीच. तिथून ते कंत्राटदार झाले ते झालेच. पुढे बोरघाटातले बोगदे, मुंबईसाठी पाण्याच्या पाइपलाइन, धरणं. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. आपल्या सिव्हिलच्या पोरांना एचसीसी हे नाव सांगायला नको.

जहाजांचा किस्सा थोडक्यात सांगतो, नाहीतर हा लेख त्यातच संपेल. १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या महाराजांचं एक जुनं जहाज विकायला होतं. पहिल्या महायुद्धात ते इस्पितळ म्हणून वापरलेलं होतं. वालचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी ते घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो याच प्रवासामुळे. इंग्रज कंपन्यांनी भाडी इतकी पाडली की सिंदियाला श्वास घेणं मुश्किल झालं. शेवटी १९२३ मध्ये तह झाला आणि त्या तहाने सिंदियाचे पंख बांधून ठेवले. वालचंदांना हा तह शेवटपर्यंत बोचत राहिला. बंदरात माल उतरवणारं जहाज कोणाचं, त्याचं भाडं कोण ठरवतं, आणि किनाऱ्यावर त्यावर कर कोण बसवतं, या तीन प्रश्नांशी त्यांचं पुढचं सगळं आयुष्य बांधलेलं दिसतं.

आता मोटारीकडे येतो.

तेव्हा हिंदुस्थानात मोटारी मिळत नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईला शिवडीत गाड्या जोडायला सुरुवात केली होती, पाठोपाठ फोर्डही आली. पण मोटार इथे बनत नव्हती, फक्त जोडली जात होती. परदेशातल्या कारखान्यात गाडीचे सगळे भाग तयार व्हायचे, लाकडी पेट्यांत भरले जायचे, पेट्या बोटीतून मुंबईच्या गोदीत यायच्या आणि शिवडीत पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन माणसं ते भाग एकमेकांना लावायची. याला म्हणतात सीकेडी, कम्प्लीटली नॉक्ड डाऊन. पुरी गाडी आणण्यापेक्षा पेट्या जहाजात कमी जागा घेतात, म्हणून भाडं वाचतं. शिवाय जोडायची मजुरी इथली, म्हणजे स्वस्त.

पेट्या आल्या की काम संपलं असं मात्र नाही (हे आम्हाला आता अनुभवाने कळलंय!). बोट धक्क्याला लागली की आयात करणाऱ्याचा दलाल बिल ऑफ एन्ट्री भरतो. अप्रेझर नावाचा अधिकारी कागद बघतो, वाटलं तर पेटी फोडायला लावतो, आतला माल आणि कागदावरचा माल जुळतो का ते पाहतो. मग तो भाग कुठल्या सदरात बसतो ते ठरतं. खरी मारामारी इथे असते, कारण सदर बदललं की कराचा दर बदलतो. किंमत धरायची ती नुसती कारखान्यातली नाही, वर बोटभाडं आणि विमा मिळवून. कर भरला की माल सुटतो. तोपर्यंत तो पोर्टाच्या शेडमध्ये पडून राहतो, आणि ठरलेले फुकट दिवस उलटले की डॅमरेज सुरू. एका पेटीत स्टिअरिंगचे भाग असतील आणि तेवढीच अडकली, तर बाकी शंभर पेट्या कारखान्यात पोचूनही एक गाडी बाहेर पडत नाही. प्रॉडक्शन मॅनेजमेंटच्या सरांनी हे उदाहरण दिलं असतं तर तो चॅप्टर मला नक्की समजला असता.

गाडी इथेच बनवावी ही कल्पना मुळात विश्वेश्वरय्यांची. १९३५ मध्ये ते युरोप-अमेरिकेचे कारखाने पाहून आले आणि त्यांनी मोटार कारखान्याची योजना लिहून काढली. वालचंदांनी ती उचलली. मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं, ते अनुकूल होतं. १९३९ मध्ये वालचंद स्वतः अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, कारण हिंदुस्थानचा बाजार फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होता आणि त्यांना आपला चालता धंदा सोडायचा नव्हता. क्रायस्लरशी मात्र बोलणी जुळली आणि १९४० मध्ये करार झाला. पण तोवर युद्ध सुरू झालेलं, मुंबईच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिलेला. दिल्लीच्या सरकारने मदत नाकारली. मशिनरीला डॉलर लागणार, जहाजात जागा लागणार, आणि मोटार कारखाना युद्धासाठी आवश्यक नाही, अशी भूमिका होती. त्याच युद्धासाठी परदेशातून ट्रक येत होते, हे वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे त्याच अमेरिका दौऱ्यातून परतताना, सॅन फ्रान्सिस्कोहून हाँगकाँगकडे येणाऱ्या विमानात त्यांना विल्यम पॉली नावाचा अमेरिकन भेटला. तो चीनसाठी विमानं जोडून द्यायचा. मोटार करायला गेलेला माणूस विमानाचा कारखाना डोक्यात घेऊन परत आला! डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला म्हैसूर सरकारच्या भागीदारीत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. यंत्रं आणि सामान अमेरिकेतून बोटीने आणलं आणि १९४१ मध्ये पहिलं विमान उडालंसुद्धा. म्हणजे सरकारला गरज वाटली की डॉलरही निघतात, जहाजात जागाही होते आणि पेट्याही सुटतात. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. आजची एचएएल ती हीच.

जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाज बांधायच्या यार्डाची पायाभरणी झाली. ती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. इथली पहिली बोट ‘जलउषा’ १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात गेली. विमान, जहाज, मोटार, तिन्हींचे कारखाने एका माणसाने एकाच वेळी हातात घ्यावेत हे मला थोडं अतीच वाटतं. त्यांच्यावर तशी टीका झालीही. एक काम पुरं व्हायच्या आत दुसरं धरायचं हा त्यांचा स्वभावच होता. रावळगावला ऊस आणि साखर, कळंबला साखर कारखाना (तेच आजचं वालचंदनगर), सातारा रोडची कूपर इंजिनिअरिंग. आमच्या टीममध्ये असा एक जण आहे. त्याच्यामुळेच सगळं सुरू होतं आणि त्याच्यामुळेच काही संपत नाही. असो.

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. त्याच वर्षी १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ही दारूगोळा आणि कापसाने भरलेली बोट स्फोटात उडाली, शेकडो माणसं मेली, आसपासची जहाजं आणि गोदामं खाक झाली. ज्या गोदीच्या भरवशावर कारखाना काढायचा तिची ही अवस्था. तरी कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये तिथून डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले.

मात्र हेही जोडकामच होतं. पेट्या अमेरिकेतून, नाव अमेरिकेचं, आपण फक्त नटबोल्ट आवळणार. मग वालचंद आणि शिवडीतले जीएमवाले यांत फरक काय? मला वाटतं फरक हेतूत होता. जीएमला पुढेही पेट्याच आणायच्या होत्या. प्रीमियरला एकेक भाग पेटीतून काढून इथे बनवायचा होता. आज हा भाग, उद्या तो. पण हेतू काही गेजने मोजता येत नाही आणि कस्टम्सचा अधिकारी तर पेटी बघतो, हेतू नव्हे. म्हणून इथे बनवणाऱ्याला आणि नुसतं जोडणाऱ्याला सरकारने वेगळं वागवावं असा आग्रह देशी कारखानदार धरून राहिले. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्सही १९४२ पासून या रांगेत होतीच.

१९४९ मध्ये दोन गोष्टी झाल्या. सरकारने पूर्ण तयार गाड्यांच्या आयातीवर बंदी घातली. आणि सप्टेंबरमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. एक डॉलर सुमारे ३.३१ रुपयांना मिळायचा तो ४.७६ रुपयांना झाला. म्हणजे डेट्रॉइटहून येणारी तीच पेटी, त्यातले तेच भाग, रुपयांत जवळपास ४४ टक्क्यांनी महाग. कर तर किमतीवर बसतो, म्हणजे तोही त्याच प्रमाणात वाढला. आयात भागांवर उभा असलेला कारखाना किती कच्च्या पायावर असतो ते या एका आकड्यात दिसतं.

आणि त्याच वर्षी वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं गेलं, हिंडणं-फिरणं थांबलं. ज्या माणसाला विमानाच्या प्रवासातसुद्धा स्वस्थ बसवत नव्हतं तो अंथरुणाला खिळला. १९५० मध्ये ते कारभारातून निवृत्त झाले. भाऊ गुलाबचंद आणि लालचंद यांनी उद्योग सांभाळले. पत्नी कस्तुरबाई त्यांची शुश्रूषा करत होत्या. गुजरातमधल्या सिद्धपूरला ८ एप्रिल १९५३ ला ते गेले.

त्याच १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांच्याकडे भाग इथे बनवायचा कार्यक्रम नाही अशा जोडणाऱ्यांनी तीन वर्षांत गाशा गुंडाळावा, असं त्यातून धोरण ठरलं. जीएम आणि फोर्ड दोघंही गेले. प्रीमियर राहिली. तिने १९५१ पासून इटलीच्या फियाटशी जोडून घेतलं होतं. १९५४ मध्ये फियाट अकराशे आली, पुढे त्याच घराण्यातली पद्मिनी.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर ते अर्धसत्य होईल. दार बंद झाल्यावर आत राहिलेल्यांना घाई उरली नाही. गोदीतली वाट पाहणं संपलं आणि गिऱ्हाइकाची वाट पाहणं सुरू झालं. फियाट बुक करायची आणि वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. माझ्या वडिलांच्या पिढीला हे पाठ आहे. गाडी मात्र तीच, थोडा ग्रिल बदललेला. वालचंद हयात असते तर त्यांनी हे चालू दिलं असतं का, हे मला सांगता येत नाही. ते स्वतः संरक्षण मागणाऱ्यांत होते, आणि एका जागी न थांबणाऱ्यांतही होते. एवढं खरं की मारुती आली तेव्हा प्रीमियरला पळणं जमलं नाही. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

आमची पेटी विसाव्या दिवशी सुटली. कर आणि डॅमरेज धरून टीमच्या खात्यात जे होतं ते संपलं. सीव्हीटी बसवताना लक्षात आलं की त्याचा माउंटिंग ब्रॅकेट आपल्या इंजिनाला जुळत नाही. दुसरा मागवायला वेळही नव्हता आणि पैसाही. वर्कशॉपमधल्या काकांनी मापं घेतली, सहा एमएमच्या प्लेटमधून कापला, मिलिंग मशीनवर भोकं पाडली आणि संध्याकाळी चहाच्या आत हातात ठेवला.