माती बघून नांगर : लक्ष्मणराव किर्लोस्कर

चोपडे (पेडणे), प्रतिनिधी : चोपड्यासारख्या नदीकाठच्या गावात भातशेतीला हलका लाकडी नांगर पुरत असे. घाटावरच्या काळ्या जमिनीचं तसं नाही. तिथं हरळी खोल मुळं धरून बसते, लाकडी नांगर वरवर खरवडतो आणि बैल दमतात. दोन्हीकडे गिऱ्हाईक शेतकरीच, पण माल वेगळा लागतो. हे ओळखून कारखाना काढणारा माणूस आपल्याच सीमाभागातला.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईला चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नसल्यानं ती सुटली. यंत्रांचं ड्रॉइंग मात्र जमलं, ते शिकवायची नोकरीही लागली. पुढे बढती डावलली गेली तशी नोकरी सोडून बेळगाव गाठलं. सायकलींचा धंदा होता. मग कडबा तोडायचं यंत्र, आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

नांगर काही खपेना. लोखंडानं जमीन नासते, असा समज. पहिले सहा नग विकायला दोन वर्षं गेली, तोवर पैसा अडकूनच. खरी अडचण ओतकामाची असते. गिऱ्हाईक म्हणेल तसा बदल करायचा तर लाकडी पॅटर्न नवा, साचा नवा, भट्टी थांबलेली. नग महाग पडतो. बदल नाही केला तर माल पडून राहतो. यावरची तोड म्हणजे लहानमोठ्या ठरावीक मापांचे नांगर, आणि झिजणारा फाळ सुटा. फाळ गेला तर तेवढाच बदलायचा.

एवढं बस्तान बसतंय तोच नगरपालिकेनं वस्तीवाढीसाठी जागा मागितली. बेळगाव सुटलं ते असं. शहराचं नुकसान केवढं, ते सांगायला नको! औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान आणि कर्ज दिलं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले.

पुढे उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, पंप. ज्या भागात जे पीक, त्याला लागेल ते.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं.