पहिला सत्याग्रही : आचार्य विनोबा भावे



अमेरिकेतील कृष्णवर्णीय बांधवांच्या नागरी हक्कांसाठी लढणारे पाळक मार्टिन ल्युथर किंग १९५९ साली भारतात आले, तेव्हा ते राजस्थानात पदयात्रा करीत असलेल्या एका मराठी माणसाला भेटले. पुढे ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये किंग यांनी व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला. बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेला, त्यांची गोळी घालून हत्या झाली. ज्यांना ते भेटले, त्या विनोबांनी असाच विरोध २७ वर्षे आधी केला होता, आणि तोही आपल्या शेजारच्या पवनार गावी. बल्लारशाहहून नागपूरला जाताना सेवाग्राम स्टेशन लागते, तिथून पवनार जवळच आहे.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतेलाच उतरला आणि काशीला गेला. शाळेचे दाखले त्याने आधीच चुलीत घातले होते. (आमच्या दहावी-बारावीच्या मुलांनी कृपया एवढेच वाचून थांबू नये!) त्याच वर्षी अहमदाबादला गांधीजींची भेट झाली. १९२१ मध्ये ते वर्ध्याचा आश्रम सांभाळायला आले आणि १९३८ मध्ये धाम नदीकाठी पवनारला राहू लागले. सूत काढणे, स्वयंपाक, संडास-सफाई ही त्यांची कामे. बाहेर त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. एकाही भारतीय नेत्याला विचारले नव्हते. युद्धाविरुद्ध बोलणे हा गुन्हा ठरला. गांधीजींपुढे मोठा पेच होता. समोर हिटलर होता, त्यामुळे इंग्रजांना अडचणीत पकडून मोठे आंदोलन करणे त्यांना पटत नव्हते. पण गप्प बसणे म्हणजे बोलण्याचा हक्कच सोडून देणे. म्हणून एकेका निवडक माणसाने उभे राहायचे, युद्धाला पैसा वा माणसे देऊ नका असे शांतपणे सांगायचे आणि तुरुंगात जायचे, असे ठरले. पहिले नाव विनोबांचे, दुसरे पंडित नेहरूंचे. हे विनोबा कोण, हे गांधीजींना लेख लिहून देशाला सांगावे लागले.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारच्या गावकऱ्यांपुढे विनोबा बोलले. चार दिवसांत त्यांना अटक झाली. सुटले की पुन्हा बोलत. या सत्याग्रहात ते तीनदा तुरुंगात गेले. त्यांच्या मागोमाग देशभरातून वीस हजारांहून अधिक लोक गेले.

आम्ही सेमिनरीत संत ऑगस्टीन आणि संत थॉमस अक्वायनस यांचा न्याय्य युद्धाचा विचार शिकलो. त्या कसोटीने पाहिले तर हिटलरला शस्त्रांनी रोखणे चूक होते असे आम्हांला म्हणवत नाही. आपल्या जिल्ह्यात भद्रावतीला दारूगोळ्याचा कारखाना आहे, तिथे प्रामाणिकपणे घाम गाळणाऱ्यांना आम्ही काय सांगणार? पण कुणाच्या सदसद्विवेकाला युद्ध पटत नसेल, तर त्याला ते मोठ्याने सांगता आले पाहिजे. गडचिरोलीच्या जंगलातील माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. दोन बंदुकांच्या मधल्या गावात बोलण्याची किंमत काय असते, हे त्याने वर्षानुवर्षे पाहिले आहे.

स्वातंत्र्याच्या आगेमागे विनोबा रोज फावडे घेऊन शेजारच्या सुरगावला पायी जात आणि गावातील मैला उचलत. १९५१ मध्ये ते पवनारहून पायी तेलंगणात गेले. तिथे जमिनीवरून रक्त सांडत होते. १८ एप्रिलला पोचमपल्लीतील ४० दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली, तर गावातील रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झाले. पुढे ४० लाखांहून अधिक एकर जमीन मिळाली. पण त्यातील बरीच नापीक होती, बरीच वाटलीच गेली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९५३ मध्ये बिहारातील देवघरच्या मंदिरात दलितांसह जाताना त्यांना मार बसला.

याच पदयात्रेत लान्झा देल व्हास्तो हे इटालियन कॅथॉलिक गृहस्थ त्यांच्यासोबत चालले. १९६३ च्या प्रायश्चित्तकाळात पोपमहोदयांनी युद्धाविरुद्ध बोलावे म्हणून त्यांनी रोममध्ये ४० दिवस उपवास केला. त्याच वर्षी पोप २३ वे जॉन यांचे जागतिक शांतीवरील परिपत्रक आले. १९६५ मध्ये शस्त्र धरायला नकार देणाऱ्यांना कायद्याने माणुसकीने वागवावे, असे व्हॅटिकन परिषदेनेही म्हटले. विनोबांनी स्वतः नव्या करारातील वचने निवडून 'ख्रिस्तधर्म-सार' तयार केले.

दोन गोष्टी मात्र आम्हांला खटकतात. बोलण्याच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेला हा माणूस १९७५ च्या आणीबाणीत, लोकांची तोंडे बंद होत असताना, सरकारविरुद्ध तसा उभा राहिला नाही. आणि अखेरच्या आजारात त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी ते पवनारला वारले. जीवन देवाचे दान आहे असे मानणारे आपण हे स्वीकारू शकत नाही.

त्यांच्या ग्रामदानाची वाट मात्र आपल्याकडे येऊन पोचली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. पवनारला १९५९ साली त्यांनी स्त्रियांसाठी सुरू केलेले ब्रह्मविद्या मंदिर आजही आहे. तिथल्या भगिनी स्वतः शेती करतात आणि सर्व निर्णय एकमताने घेतात.