डॉ. हाफकीन आणि जमिनीवर पडलेला चिमटा

वाल्डेमार हाफकीन यांचा जन्म १८६० सालीं रशियन साम्राज्यांतील ओडेसा शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला. मेचनिकॉफसारख्या गुरूजवळ प्राणिशास्त्र शिकून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत गेले. तेथें १८९२ सालीं पटकीची लस तयार करून तिचा प्रयोग त्यांनीं स्वतःवर केला, व पुढील वर्षीं ते हिंदुस्थानांत आले.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला. हाफकीन यांस ग्रँट मेडिकल कॉलेजांत एक लहानशी खोली, एक कारकून व तीन शिपाई एवढीच सामग्री मिळाली. मांसरसांत प्लेगचे जंतु वाढवावयाचे, तर त्यांस पृष्ठभागीं आधार हवा. म्हणून त्यांनीं रसावर तुपाचे थेंब सोडले. आपल्या शिंक्यावरील तूप या कामीं आलें, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. १० जानेवारी १८९७ रोजीं ही लसहि त्यांनीं प्रथम स्वतःस टोचून घेतली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ जणांस लस टोचण्यांत आली. पैकीं १९ जण धनुर्वातानें दगावले, आणि ते सारे एकाच कुपींतून टोचलेले होते! दोष हाफकीन यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांस पदावरून दूर व्हावें लागलें. पुढें असें दिसून आलें कीं, कुपी उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो उकळून न घेतां जंतुनाशक पाण्यांत नुसता बुचकळला, व त्यानेंच बूच काढलें.

धनुर्वाताचें बीज कोरड्या मातींत वर्षानुवर्षें निजून राहतें. ओलसर मांसांत खोल शिरलें, कीं तें जागें होतें. ओल आणि जंतु यांचें सख्य असें जुनें आहे. २०१६ सालीं अमेरिकेंतील रटगर्स विद्यापीठांत कलिंगड, पाव, लोणी लावलेला पाव व चिवट गोळी हे पदार्थ जंतु लावलेल्या पोलाद, फरशी, लांकूड व गालिचा यांवर टाकून पाहिले. सर्वांत अधिक जंतु ओल्या कलिंगडास चिकटले, सर्वांत कमी गोळीस. आणि कांहीं वेळां तर एक सेकंदहि पुरेसा झाला. आमच्या सोलापुराजवळील चिंचोळीच्या कारखान्यांत कोणाच्या डब्यांतून कडक भाकरीचा तुकडा पडला, तर त्यास थोडे जंतु लागतील. कालवणांत बुडविलेला तोच तुकडा पडला, तर पुष्कळ. मात्र कडक भाकरी अगदींच निर्दोष राहील, असें कोणी समजूं नये.

हाफकीन यांच्या बाजूनें रोनाल्ड रॉस आदि शास्त्रज्ञ उभे राहिले, व १९०७ सालीं ते दोषमुक्त ठरले. ते पुन्हा कलकत्त्यास आले. पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांच्या हातीं परत दिली गेली नाहीं. परळ येथील त्या संस्थेस १९२५ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें. पांच वर्षांनीं, २६ ऑक्टोबर १९३० रोजीं, स्वित्झर्लंडांतील लोझान येथें ते निवर्तले. विवाह त्यांनीं केलाच नव्हता.