व्हिटवर्थ यांच्या नळीतील पीळ

कारखान्यांतील जुने फिटर ज्या ‘व्हिटवर्थ आट्यां’चा उल्लेख करतात, त्यांचे प्रमाण १८४१ मध्ये मांडणारे इंग्लिश यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ (१८०३-१८८७) यांनी बंदुकीच्या नळीतील आट्यांचाही तितक्याच काटेकोरपणे अभ्यास केला. १८५४ मध्ये ब्रिटिश सरकारने हे काम सोपविताच त्यांनी मँचेस्टरला ५०० यार्ड लांबीची बंदिस्त चाचणीवाट उभारली.

तेव्हाच्या एन्फिल्ड रायफलीच्या (१८५७ च्या काडतुसांमुळे आपल्याला परिचित असलेली तीच!) नळीतील आटे ७८ इंचांत एक फेरा घेत. गोळी जितकी लांब व बारीक, तितकी ती हवेत कलंडण्याचा धोका अधिक. तिला स्थिर ठेवण्यासाठी गिरकीही अधिक वेगवान हवी. व्हिटवर्थ यांनी षट्कोनी नळीला २० इंचांत एक फेरा दिला. १८५७ मध्ये हाइथच्या चाचणीत ५०० यार्डांवर एन्फिल्डची सरासरी चूक सुमारे सव्वादोन फूट भरली; व्हिटवर्थची जेमतेम साडेचार इंच.

तरीही लष्कराने ही रायफल नाकारली. नळी लवकर काजळते, किंमतही भारी, हे आक्षेप अगदीच गैरवाजवी नव्हते. १८६० मध्ये विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचे उद्घाटन मात्र राणी व्हिक्टोरियाने याच रायफलीने केले. अमेरिकन यादवीत दक्षिणेकडील निवडक नेमबाजांच्या हातीही ती होती.

पुढे १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. तिच्या नळीत २२ इंचांत एक फेरा होता.