चार जीबी आणि नॉयमनसाहेब

मागच्या सेमिस्टरला पैसे वाचवून मी रूमवरच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये चार जीबी रॅम बसवली. स्क्रीनवर दिसली सव्वातीन! वाटलं, दुकानदाराने गंडवलं. पण ३२ बिटांच्या पत्त्यांत चारच जीबी मावतात, आणि त्यातले काही पत्ते ग्राफिक्स कार्डासारखी मंडळी आधीच अडवून बसतात.

हाच हिशोब जॉन फॉन नॉयमन यांनीही मांडला होता. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.) जन्म १९०३, बुडापेस्ट. एकदा वाचलेलं पुस्तक ते वर्षांनंतरही घडाघडा म्हणत. वडिलांच्या आग्रहाने केमिकल इंजिनिअरिंग केलं आणि १९२६ मध्येच गणितात डॉक्टरेटही. आम्हाला इथे एक डिग्री जड जाते!

प्रोग्रॅम आणि डेटा एकाच मेमरीत ठेवायचे, ही कल्पना त्यांच्या १९४५ च्या अहवालात आहे. पुढच्या वर्षी प्रिन्स्टनच्या यंत्रासाठी त्यांनी व सहकाऱ्यांनी पत्त्याला १२ बिट दिले. म्हणजे ४०९६ जागा. यंत्राचं उद्घाटन १९५२ मध्ये झालं तेव्हा मेमरी होती ४० बिटांच्या १०२४ शब्दांची, जेमतेम पाच किलोबाइट, तीही पिक्चर ट्यूबसारख्या काचेच्या नळ्यांत. पत्ते शिल्लक, जागा नाही. माझं नेमकं उलट.

१९५५ मध्ये त्यांना कॅन्सर निघाला. वॉशिंग्टनच्या लष्करी हॉस्पिटलात ते मुलीला सात अधिक चारसारख्या बेरजा विचारायला सांगत, डोकं अजून चालतंय का हे बघायला. फेब्रुवारी १९५७ मध्ये ते गेले, वयाच्या ५३ व्या वर्षी.