सासष्टीचे पुराणकार

गोव्याच्या दक्षिण भागात सासष्टी नावाचा प्रांत आहे. त्या प्रांतात जुवारी नदीच्या काठी रायतूर हे गाव वसले आहे. चारशे वर्षांपूर्वी तेथे जेझुइट धर्मगुरूंचे एक मोठे विद्यालय होते. तेथील छापखान्यातून इ. स. १६१६ मध्ये एक जाडजूड ग्रंथ बाहेर पडला. ग्रंथ ओवीबद्ध होता आणि त्याची भाषा मराठी होती. अक्षरे मात्र रोमन होती. त्याहून नवलाची गोष्ट ही, की तो रचणारा कवी इंग्लंडात जन्मलेला होता. त्याचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. त्यांचे वडील लंडनमध्ये व्यापार करीत. त्या काळी इंग्लंडवर राणी एलिझाबेथचे राज्य होते. राज्याचा पंथ प्रॉटेस्टंट असल्यामुळे रोमन कॅथलिक लोकांना उघडपणे उपासना करण्याची बंदी होती. स्टीफन्स तर निष्ठावान कॅथलिक. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत मित्राबरोबर त्याच्या सेवकाच्या वेषात ते कित्येक दिवस फिरत राहिले. पुढे पाउंड पकडला जाऊन तुरुंगात पडला. स्टीफन्स रोमला पोहोचले आणि इ. स. १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले.

हिंदुस्थानात जाण्याची त्यांना ओढ लागली होती. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांचे जहाज लिस्बनहून निघाले. सहा महिन्यांहून अधिक काळ ते समुद्रावर होते. हिरड्या सुजून खलाशी आजारी पडत, दिशा चुके, वारा पडे. अखेर २४ ऑक्टोबर रोजी जहाज गोव्यास लागले. पुढच्याच महिन्यात त्यांनी वडिलांना या प्रवासाचे सविस्तर वर्णन लिहून पाठविले. ते पत्र इंग्लंडात छापले गेले आणि तेथील दर्यावर्दी लोकांनी ते आवडीने वाचले. हिंदुस्थानात येऊन राहिलेले पहिले इंग्रज म्हणून बहुधा त्यांचेच नाव घेतले जाते. राज्य मिळवावे किंवा व्यापार करावा, हा मात्र त्यांचा हेतू नव्हता.

त्यांना सासष्टीत नेमण्यात आले. तेथील परिस्थिती नीट समजून घेतली पाहिजे. पोर्तुगीज सत्तेने इ. स. १५६७ च्या सुमारास त्या प्रांतातील अनेक देवळे पाडून टाकली होती. जुने विधी बंद केले होते आणि जुन्या पोथ्या वाचण्यास मनाई केली होती. बरेच लोक ख्रिस्ती झाले होते. काही मनापासून, काही भीतीने, तर काही दुसरा मार्ग न उरल्यामुळे. ज्या मनुष्याला स्वतःच्या देशात आपली प्रार्थना लपूनछपून करावी लागली, तोच येथे अशा सत्तेच्या आश्रयाने आला होता. इतिहासात असे विचित्र योग येतात आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नसतो.

पोथी गेली म्हणजे काय गेले, हे तुम्हांला सहज कळेल. चातुर्मासात संध्याकाळी ओसरीवर दिवा लावून कोणी पोथी वाचतो, शेजारपाजारची माणसे जमतात, लहान मुले आजीच्या मांडीवर बसून ऐकता ऐकता झोपी जातात. सासष्टीच्या घरांतून हे सारे नाहीसे झाले होते. त्याच्या जागी जे आले, ते त्यांना समजत नव्हते. कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा या उपासनेच्या वेळी बायबलातील उतारे वाचले जात. वर्षातील निरनिराळ्या दिवसांचे उतारे ठरलेले असत. परंतु ते सर्व वाचन लॅटिन भाषेत होई. शेतकरी, कारागीर, त्यांच्या बायका आणि मुले हात जोडून उभी राहत. स्वर त्यांच्या कानांवर पडत, अर्थ मात्र बाहेरच राही.

आपल्या ग्रंथाच्या आरंभीच स्टीफन्स यांनी एक प्रसंग वर्णिला आहे. रविवारी चर्चमध्ये धर्मशिक्षण चालले असता ब्राह्मण कुळातील एका ख्रिस्ती श्रोत्याने पाद्रीबाबांना प्रश्न केला. आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही, असा त्या प्रश्नाचा आशय होता. प्रश्न नम्रतेने विचारलेला असला तरी त्यात एक तक्रार होती, आणि ती तक्रार खरी होती. रागावून त्या माणसाला खाली बसविणे सोपे होते. स्टीफन्स यांनी तसे केले नाही. त्या प्रश्नाला त्यांनी जे उत्तर दिले, ते लिहिण्यास त्यांना कित्येक वर्षे लागली.

लोकांच्या घरातील बोली कोकणी होती, परंतु पुराणे ऐकण्याची सवय मराठीतून होती. म्हणून स्टीफन्स यांनी दोन्ही भाषांचा अभ्यास केला. मराठी ग्रंथ वाचले, ओवीचे वळण आत्मसात केले. येथील भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीक भाषांशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी इ. स. १५८३ मध्येच आपल्या भावाला पत्रातून कळविले होते. हीच गोष्ट विद्वानांनी सिद्ध करावयास पुढे दोनशे वर्षे लागली! मराठीवर त्यांचे प्रेमच जडले. रत्ने, सुगंधी फुले, पक्षी यांच्या उपमा देऊन त्यांनी तिचे केलेले कौतुक आजही मराठी माणसाला सुखावते.

ख्रिस्तपुराणात सुमारे ११,००० ओव्या आहेत. त्याचे दोन भाग असून पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच्या जुन्या कथा आणि दुसऱ्यात येशू ख्रिस्ताचे चरित्र आले आहे. कथा बायबलातील, परंतु ती सांगण्याची रीत आपल्या पुराणिकाची आहे. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. सामान्य माणसाला समजावे म्हणून मराठीत त्यांनी मुद्दाम कोकणी शब्द मिसळले. रविवारी आणि सणांच्या दिवशी मिस्सा आटोपल्यावर हे पुराण मोठ्याने वाचले जाऊ लागले, तेव्हा लॅटिन वाचनात हरवलेला अर्थ लोकांना प्रथमच आपल्या बोलीच्या अंगाने भेटला.

स्टीफन्स यांची एक इच्छा मात्र अपुरी राहिली. पुस्तक याच देशाच्या लिपीत छापावे, असे त्यांना वाटत होते. इ. स. १६०८ मध्ये त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांकडे तशी परवानगी मागितली. या लिपीसाठी सुमारे ६०० साचे लागतील असे दिसते, परंतु ते २०० पर्यंत कमी करता येतील, असा हिशेबही त्यांनी कळविला. ते साचे कधी तयार झाले नाहीत आणि मराठी पुराण रोमन अक्षरांत छापावे लागले. जोडाक्षरे मोजीत बसलेल्या त्या वृद्ध पाद्रीबाबांची मूर्ती माझ्या डोळ्यांसमोर अनेकदा उभी राहते.

इ. स. १६१९ मध्ये, येथे आल्याला चाळीस वर्षे होत असता, स्टीफन्स गोव्यात निधन पावले. त्यांच्यामागे त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण इ. स. १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. कोकणीचे हे छापलेले पहिलेच व्याकरण होय. ख्रिस्तपुराणही इ. स. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले.

यानंतर दिवस पालटले. इ. स. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढून लोकांना तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्यास फर्माविले. ज्या भाषेत स्टीफन्स यांनी आयुष्य वेचले, तीच आता नकोशी झाली. ख्रिस्तपुराणाच्या त्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही.

ग्रंथ वाचला तो घराघरांतून. गोव्यातील अनेक कॅथलिक कुटुंबे दक्षिणेकडे मंगळूरच्या बाजूस जाऊन राहिली होती. त्या भागातील लोकांनी पुराणाच्या हस्तलिखित प्रती जपल्या. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात संध्याकाळी कुटुंबातील माणसे एकत्र बसत आणि कोणी तरी ओव्या गाऊन दाखवी. अशाच जुन्या हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी इ. स. १९०७ मध्ये मंगळूर येथे हा ग्रंथ पुन्हा छापून काढला. पुढे लंडनमध्ये विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात याच पुराणाचे देवनागरी हस्तलिखित आढळले. इ. स. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यात देवनागरी लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. स्टीफन्स यांनी रोमला पत्र लिहिल्याला त्या वेळी ३४८ वर्षे होऊन गेली होती.

इ. स. १९६३ मध्ये रोम येथे भरलेल्या कॅथलिक धर्मपरिषदेने उपासनेत लोकभाषांना मोकळीक दिली. इ. स. १९६९ मध्ये वर्षातील प्रत्येक दिवसाच्या वाचनांची नवी योजना तयार झाली. आता सकाळच्या मिस्सेत त्या त्या दिवसाचा उतारा गोव्यात कोकणीतून आणि वसईकडील चर्चमध्ये मराठीतून वाचला जातो.